माळ, तलाव आणि मोजणीची वही

सोलापूर भागात पक्षी बघायला सुरुवात करायची तर नोव्हेंबरात करावी. पाऊस सरलेला असतो, तलावांत पाणी असतं, माळावरचं गवत पिवळं पडायला लागलेलं असतं आणि उत्तरेकडचे पाहुणे उतरू लागलेले असतात. शिवाय ५ ते १२ नोव्हेंबर हा महाराष्ट्राचा पक्षी सप्ताह. ५ तारखेला निसर्गलेखक मारुती चितमपल्लींचा जन्मदिवस, १२ ला पक्षिशास्त्रज्ञ सालिम अलींचा. चितमपल्ली सोलापूरचे. वनखात्यातली नोकरी आणि नंतरची बरीच वर्षं बाहेर काढून शेवटी ते आपल्या गावी परतले आणि १८ जून २०२५ रोजी इथंच गेले. त्यामुळे आमच्या पक्षीनिरीक्षण गटाला हा आठवडा फार जवळचा. नव्या माणसांसाठी रोज सकाळी शहराच्या आसपास कुठं ना कुठं फेरी निघते. बँकेतली एक मैत्रीण मला अशाच एका फेरीला घेऊन गेली आणि मी गटात राहिले. पक्षीनिरीक्षण गटात वर्षभर नेमकं काय चालतं याची बाहेर फारशी कल्पना नसते. बहुतेकांना वाटतं, हौशी मंडळी कॅमेरे घेऊन फिरत असतील. म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

गट चालवणारे सर रेल्वेतून निवृत्त झालेले. पहिल्याच सकाळी त्यांनी दुर्बिणीआधी आमच्या हातात एकेक वही ठेवली. वर तारीख, ठिकाण, सुरुवातीची आणि शेवटची वेळ. खाली पक्ष्याचं नाव, संख्या, आणि तो काय करत होता. ‘भरपूर’, ‘बरेच’, ‘मोठा थवा’ हे शब्द त्या वहीत चालत नाहीत. साळुंक्या दिसल्या तर किती दिसल्या? टिटवी एकटी होती की जोडी होती? सुरुवातीला मला याचा कंटाळा यायचा. आपण नीलपंख बघायला आलोय आणि कावळे काय मोजायचे, असं वाटायचं. पण सरांचं म्हणणं साधं होतं. दुर्मीळ पक्षी कुणीही लिहून ठेवतं. रोजच्या पक्ष्यांची नोंद कुणी ठेवत नाही, आणि म्हणून ते कमी व्हायला लागले तरी कुणाच्या लक्षात येत नाही. चिमण्यांचं तेच झालं. ‘पूर्वी खूप होत्या’ हे प्रत्येक घरातली आजी सांगते, पण पूर्वी म्हणजे किती, हे कुठल्याही वहीत नाही.

डिसेंबरात खरी शिकवणी सुरू झाली, कारण जानेवारीत पाणपक्ष्यांची गणना असते. आशियाई पाणपक्षी गणना १९८७ सालापासून चालू आहे. दर जानेवारीत भारतासह आशियातल्या अनेक देशांत स्वयंसेवक आपापल्या पाणथळीवरचे पक्षी जवळपास एकाच सुमारास मोजतात. पाण्यावर दूर बसलेली हजारभर बदकं एकेक करून मोजता येत नाहीत. मान खाली घालून पुन्हा वर करेपर्यंत थवा सरकलेला असतो. त्यासाठी नजर तयार करावी लागते. गटातल्या एका काकूंच्या घरी आम्ही संध्याकाळी जमायचो. काकू परातीत मूठभर ज्वारी फेकायच्या, पाच आकडे म्हणेपर्यंत आम्ही बघायचं, मग परातीवर फडकं. आपापला अंदाज कागदावर लिहायचा आणि नंतर दाणे मोजायचे. माणूस सहसा कमीच सांगतो, आणि दाणे जितके जास्त तितकी चूक मोठी होत जाते. यावरचा उपाय असा: आधी दहा दाणे नीट मोजायचे, दहाचा गठ्ठा केवढा दिसतो ते डोळ्यांत बसवायचं आणि मग तेवढे गठ्ठे डावीकडून उजवीकडे मोजत जायचं. सवय झाली की गठ्ठा पन्नासाचा करायचा, मग शंभराचा. थोड्याच दिवसांत आमचे अंदाज खऱ्या आकड्याच्या आसपास यायला लागले, तेव्हा काकूंनी ज्वारी आणि गहू एकत्र करून टाकले. आता दोन्ही वेगवेगळे सांगा! तलावावर असंच असतं; वारकरी नावाचे काळे पाणपक्षी आणि बदकं मिसळून बसलेली असतात.

ओळख पटवणं हा दुसरा धडा. नोव्हेंबरात बदकांचे नरसुद्धा मळकट पिसांत असतात, त्यामुळे नवा माणूस गोंधळतो. जानेवारीपर्यंत त्यांना रंग चढलेला असतो. पण मादी बारा महिने तपकिरीच. तिथं रंग सोडून आकार बघायला शिकावं लागतं. थापट्याची चोच पुढं पसरट असते, तलवार बदकाची मान लांब आणि शेपूट टोकदार, भिवई बदकाच्या मादीच्याही चेहऱ्यावर फिकट पट्टे असतात. हळदी-कुंकू बदक मात्र बारमाही इथलंच. चोचीचं पिवळं टोक दिसलं की प्रश्न मिटतो. आणि अंतरामुळे ओळखता आलंच नाही, तर ‘अनोळखी बदक’ असं लिहून संख्या टाकायची. ओढूनताणून नाव द्यायचं नाही, ही गटातली सगळ्यात कडक शिस्त.

आमच्या तुकडीकडे हिप्परग्याचा तलाव आला. सरकारदरबारी एकरुख तलाव. इंग्रजांच्या काळात, १८७१ मध्ये पुरा झालेला, अदिला नदीवरचा. उजाडायच्या आत आम्ही पूर्वेच्या काठावर होतो. सूर्य पाठीशी हवा, नाहीतर समोरचा प्रत्येक पक्षी काळी सावली होतो. काठाचे भाग आधीच वाटून घेतलेले. प्रत्येक ठिकाणी दोघं: एक दुर्बिणीतून मोजणार, दुसरा लिहिणार. मोजणाऱ्याने डोळा काढायचा नाही आणि लिहिणाऱ्याने मध्ये बोलायचं नाही. माझ्याकडे लिहिण्याचं काम होतं. ‘वारकरी, शंभर, शंभर, शंभर, चाळीस. टिबुकली सात. शेकाटे वीस, अकरा.’ थंडीने बोटं वाकत नव्हती, तरी आकडे पुसट चालणार नव्हते.

मध्येच एका टोकाला दलदली भोवत्या हा शिकारी पक्षी पाण्यावरून खालून उडत आला आणि सगळा तलाव उठला. पंखांचा तो आवाज अंगावर येतो. बदकं गोल फिरून भलत्याच भागात बसली, म्हणजे शेजारच्या तुकडीने मोजलेले पक्षी आमच्याकडे आणि आमचे त्यांच्याकडे. सरांनी फोन करून सगळ्यांना थांबवलं, पक्षी स्थिर होईपर्यंत वाट बघायला लावली आणि गणना पहिल्यापासून घेतली. कुणी कुरकुर केली नाही. आकडा पाठवायचा तर तो नीट मिळवलेलाच हवा, यावर गटात दुमत नसतं.

तराफ्यावरून जाळी काढणारे दोघं भाऊ काठाला लागले आणि त्यातल्या थोरल्याने विचारलं, ‘काय हुडकालाव मॅडम, येवढ्या पहाटंचं?’ सांगितल्यावर त्यानेच माहिती दिली, की पट्टकदंब रात्री पलीकडच्या हरभऱ्यात चरतात आणि सकाळी पाण्यावर येऊन झोपतात, तर तुम्ही त्यांना दहाच्या सुमाराला मोजा. तसं केलं आणि ते मिळाले. डोक्यावर दोन काळे पट्टे असलेले हे हंस मंगोलिया-तिबेटकडून हिमालय ओलांडून येतात. त्यांचा मुक्काम कुठल्या वावरात असतो हे मासेमाऱ्याला पाठ असतं. तेव्हापासून गणनेच्या आदल्या आठवड्यात कोळी बांधवांकडे एक चक्कर मारायची, असं आम्ही ठरवून टाकलं आहे.

संध्याकाळी सरांच्या ओट्यावर सगळ्या तलावांचे तक्ते जुळवले गेले. तिथं मला गटाच्या जुन्या वह्या पहिल्यांदा बघायला मिळाल्या, आणि हे काम कशासाठी चालतं याचं उत्तरही. एका वर्षीचा आकडा फसवा असतो. पाऊस भरपूर झाला, तलाव काठोकाठ भरला, की उथळ चिखल पाण्याखाली जातो आणि शेकाटे, तुतवार, चिखले कमी दिसतात; खोल पाण्यात बुडी मारणारी बदकं वाढतात. पुढच्या वर्षी पाणी ओसरलेलं असेल तर बरोबर उलट. म्हणून आकड्याशेजारी पाण्याची पातळी लिहिलेली असते, मासेमारी चालू होती का, काठावर पंप किती, गाळपेर, म्हणजे ओसरलेल्या काठाच्या गाळात पेरणी, झाली का, हेही. अशी बरीच वर्षं शेजारी-शेजारी ठेवली तरच पक्षी खरंच कमी झाले की यंदा फक्त दुसरीकडे बसलेत, हे सांगता येतं. ज्या तलावावर काहीच मिळालं नाही, त्याचाही तक्ता भरून पाठवला जातो. शून्य ही नोंद आहे. ते मला फार आवडलं.

गणनेच्या त्याच आठवड्यात संक्रांत येते. सोलापुरात तेव्हा गड्ड्याची यात्रा, सिद्धेश्वराचे नंदीध्वज, अक्षता. सगळं शहर रस्त्यावर असतं. आणि आकाशात पतंग. नायलॉन मांजावर राष्ट्रीय हरित लवादाने २०१७ मध्ये देशभर बंदी घातली, तरी तो मिळतो आणि झाडांवर महिनोन्‌महिने लटकत राहतो. घारी, बगळे, घुबडं, वटवाघळं त्यात अडकतात. गटाची मुलं या दिवसांत शाळांमध्ये जाऊन बोलतात आणि संक्रांतीनंतर बांबूला आकडी लावून झाडांवरचा मांजा उतरवतात. अडकलेला पक्षी दिसला तर करायचं एवढंच: मांजा ओढायचा नाही, कारण तो आणखी आत रुततो. अंगावर सुती कापड टाकून पक्ष्याला धरायचं, झाडाकडचा धागा कापायचा, अंगात रुतलेला तसाच ठेवायचा. भोकं पाडलेल्या पुठ्ठ्याच्या खोक्यात, अंधारात ठेवायचं. चोचीत पाणी ओतायचं नाही; ते श्वासनलिकेत जाऊन पक्षी मरतो. आणि वनखात्याच्या १९२६ या क्रमांकावर फोन करायचा. घरी पाळायचा तर नाहीच. १९७२ च्या वन्यजीव कायद्याने तो गुन्हा आहे.

फेब्रुवारी भोरड्यांचा. मालदांडी ज्वारी हुरड्यात आलेली असते आणि हजारोंचे थवे संध्याकाळी आकाशात वळसे घेत बाभळींवर उतरतात. शेतकरी माळ्यावर उभा राहून गोफण फिरवतो, डबे वाजवतो. त्याचं नुकसान होतं हे खरं आहे आणि आम्ही ते नाकारत नाही. पण याच भोरड्या नाकतोडे आणि अळ्या फस्त करतात, हेही तितकंच खरं. एका शेतकरी अण्णांनी हुरडा खायला बोलावलं तेव्हा हा विषय निघाला. ते म्हणाले, ‘राखण करायची, मारायचं न्हाई. आमच्या वडलापास्नं हेच हाय.’ त्यांच्या शिवारात जाळी लावलेली कधी दिसली नाही.

मार्चमधल्या चिमणी दिनाबद्दल थोडक्यात सांगते. २० मार्च हा दिवस नाशिकच्या मोहम्मद दिलावर यांच्या पुढाकाराने २०१० पासून जगभर पाळला जातो. आम्ही त्या दिवशी लाकडी घरटी वाटतो. मात्र माझं मत असं, की नुसतं खोकं टांगून भागत नाही. पिल्लांना पहिले दिवस अळ्या-किडे लागतात, आणि ते हवे तर अंगणात माती, झुडूप, थोडं रान राहू द्यावं लागतं. सगळीकडे फरशी घातलेल्या वाड्यात चिमणी वीण कशाच्या जोरावर करणार?

मला सगळ्यात जास्त गुंतवलं ते उन्हाळ्याने. एप्रिलमध्ये सोलापूरचा पारा चाळिशी ओलांडतो, माळावर हिरवं काही उरत नाही, आणि नेमकी तेव्हाच माळटिटवी, धाविक, पखुर्डी उघड्या जमिनीवर अंडी घालतात. घरटं असं नसतंच. खड्यांमध्ये एक उथळ खळगा, त्यात खड्यांच्याच रंगाची अंडी. माळटिटवीची बहुधा चार. दहा पावलांवर उभं राहूनही दिसत नाहीत. त्या दिवसांत पक्षी अंड्यांवर बसतो तो ऊब देण्यासाठी कमी आणि सावली धरण्यासाठी जास्त. टिटवी पाण्यावर जाऊन पोटाची पिसं भिजवते आणि ओल्या पोटाने येऊन अंड्यांवर बसते. आता विचार करा: कुणीतरी जवळून फोटो मिळावा म्हणून अर्धा तास तिथंच थांबलं, तर टिटवी तेवढा वेळ ओरडत डोक्यावर फिरते आणि अंडी तापलेल्या जमिनीवर उघडी पडतात. कुणी हात न लावताही ती वाया जातात. म्हणून आमच्या गटात घरट्याचा फोटो काढायचा नाही, जागा कुणाला सांगायची नाही, आणि ओळखीसाठी काठी-दगडही ठेवायचा नाही. ती खूण माणसांआधी कावळे आणि कुत्री शिकतात. याच कारणाने आम्ही ज्या माळावर जातो त्याचं नावही मी इथं लिहीत नाही.

मग राखण करायची कशी? दुरून. पक्षी बसलेला असेल तर त्याच्या बाजूने गाडीवाट जाते का, मेंढरं तिथून चालतात का, एवढं बघायचं आणि संबंधितांशी बोलायचं. माळावर येणाऱ्या एका धनगर मामांना हे आम्ही सांगायच्या आधीच ठाऊक होतं. ‘ताई, ती तिथं बसलीया. मेंढरं मी वरल्या अंगानं नेतो,’ असं त्यांनीच सांगितलं. टिटवीने अंडी कुठं घातली यावरून पाऊस कसा होईल याचा अंदाज बांधणारी ही माणसं. तिचं घरटं मोडू नये हे त्यांच्या घरात पूर्वीपासून आहे. मोटारसायकलवरून येणाऱ्या फोटोवाल्यांना समजावणं जास्त अवघड गेलं. काहींनी ऐकलं. काहींशी वाद झाले, आणि ते व्हायलाच हवे होते.

याच माळावर मे महिन्यात खड्डे दिसले. वृक्षलागवडीचे, रांगेत खणलेले, ऐन विणीच्या जागेतून. गवताळ माळाला कागदोपत्री ‘पडीक’ म्हणतात, आणि पडीक जमीन म्हटली की तिथं झाडं लावून पुण्य मिळवावं असं भल्या माणसांनाही वाटतं. पण माळ म्हणजे उजाड झालेलं जंगल नव्हे. कमी पावसाच्या आणि पातळ मातीच्या या मुलखात गवत हेच पूर्ण रूप आहे. त्यावर काळवीट, लांडगे, चंडोल, धाविक आणि मेंढपाळ जगतात. झाडं उभी राहिली की शिकारी पक्ष्यांना बसायला जागा होते, सावलीत गवत खुरटतं आणि मोकळं रान लागणारे पक्षी निघून जातात. मालढोकाचं उदाहरण आमच्या डोळ्यांसमोर आहे. सोलापूरजवळच्या नान्नजच्या मालढोक अभयारण्याची घोषणा १९७९ ची. तेव्हा त्याचं क्षेत्र ८,४९६ चौरस किलोमीटर होतं, पुढे ते १,२२२ वर आणलं गेलं. मालढोकाची मादी बहुतेक वेळा एकच अंडं घालते, तेही जमिनीवर. एवढ्या सावकाश वाढणाऱ्या पक्ष्याला मोकळा माळ लागतो, आणि तोच तुकड्या-तुकड्याने पिकाखाली, विजेच्या तारांखाली, लागवडीखाली गेला. नान्नजला आज काळवीट दिसतात, मालढोक दिसणं हे नवल झालं आहे. तिथल्या जुन्या लोकांकडून त्या पक्ष्याच्या गोष्टी ऐकताना माझा जीव तुटतो.

खड्ड्यांविरुद्ध नुसतं निवेदन दिलं असतं तर ते फायलीत गेलं असतं. सरांनी वह्या काढल्या. त्या माळाचे ऋतूनुसार तक्ते केले: उन्हाळ्यात कोणते पक्षी, किती जोड्या, हिवाळ्यात गवतात रात्री उतरणारे भोवते किती. मी आकडे संगणकावर भरले. गावच्या सरपंचबाई, धनगर मामा आणि आम्ही मिळून संबंधित कार्यालयात गेलो. मामांनी चाऱ्याची बाजू मांडली, आम्ही पक्ष्यांची. तिथल्या साहेबांनी पहिला प्रश्न विचारला, ‘तुमच्याकडे नोंदी किती वर्षांच्या आहेत?’ सरांनी वह्यांचा गठ्ठा टेबलावर ठेवला. साहेबांनी त्या चाळल्या, एक-दोन ठिकाणी बोट ठेवून विचारलं, आणि पुढच्या आठवड्यात स्वतः माळावर आले. शेवटी मधल्या भागातलं काम थांबलं. कडेच्या पट्ट्यात, ओढ्याच्या अंगाला, लागवड झाली. सगळं मिळालं नाही. तरी जिथं माळटिटव्या बसतात ती जागा यंदा वाचली, आणि मधले खड्डे गावातल्या तरुणांनी आमच्याबरोबर बुजवले.

बुद्धपौर्णिमेला मचाणावरची प्राणिगणना झाली, त्यात आमच्यातले काहीजण होते. मग पाऊस आला. चातक आफ्रिकेकडून मोसमी वाऱ्यांबरोबर येतो आणि सातभाईंच्या घरट्यात अंडी घालतो. गटात त्याची पहिली हाक कोण ऐकतं याची चुरस असते. पावशा ‘पेर्ते व्हा’ म्हणत राहिला. विहिरींवरच्या बाभळींत सुगरणींची वीण सुरू झाली आणि आम्ही घरटी मोजली, त्यातली नराने अर्धवट सोडलेली वेगळी लिहिली.

त्या माळाची वही आता माझ्याकडे आहे. साहेबांनी दर तीन महिन्यांनी तक्ता मागितला आहे, तो मी आणि सरपंचबाईंची मुलगी मिळून भरतो. ती नववीत आहे आणि गठ्ठ्यांचा अंदाज तिचा माझ्यापेक्षा चांगला येतो. सप्टेंबरअखेरीस भोवते यायला लागतील. त्याआधी मधल्या पट्ट्यात गवत कुठं धरलं आणि कुठं नाही, याचा नकाशा आम्हाला पुरा करायचा आहे.